क्रीडापटू मुलींतील अतिवापरजन्य इजा व ऊर्जान्यूनता

क्रीडापटू मुलींतील अतिवापरजन्य इजा व ऊर्जान्यूनता : एकेका वेळी अल्प, पण पुनःपुन्हा पडणाऱ्या ताणामुळे अस्थी, कंडरा किंवा वाढीच्या कूर्चा यांची जी हळूहळू हानी होते, तीस अतिवापरजन्य इजा म्हणतात. पडणे, आपटणे, मुरगळणे यांसारख्या एका क्षणी होणाऱ्या इजांहून ती भिन्न होय. आहारातून मिळालेल्या ऊर्जेतून व्यायामावर झालेला खर्च वजा केल्यावर शरीराच्या इतर कार्यांसाठी पुरेशी ऊर्जा उरत नसेल, तर त्या स्थितीस ऊर्जान्यूनता म्हणतात. या दोहोंचा निकटचा संबंध वैद्यकाला विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत उमगला. तोपर्यंत पहिलीचा विचार अस्थिशल्यतज्ज्ञ करीत, दुसरीचा फारसा कोणी करीत नसे. त्यांना जोडणारा दुवा, म्हणजे मुलींची मासिक पाळी, हा विषय तर मैदानावर उच्चारलाच जात नसे.

पूर्वपीठिका : श्रमामुळे स्त्रीच्या प्रजननसंस्थेस अपाय होतो, ही कल्पना खेळांपेक्षा जुनी आहे. हार्व्हर्ड विद्यापीठातील वैद्य एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये सेक्स इन एज्युकेशन या पुस्तकात असे प्रतिपादन केले की, शरीरातील शक्तीचा साठा मर्यादित असतो आणि मुलींनी तो अभ्यासात खर्च केला, तर प्रजननेंद्रियांच्या वाढीस तो पुरत नाही. या मताला मेरी पटनम जेकोबी या स्त्री-वैद्याने १८७६ मध्ये उत्तर दिले. त्यांनी अडीचशेहून अधिक स्त्रियांकडून प्रश्नावलीद्वारे माहिती मिळविली, नाडीचे आलेख घेतले आणि ऋतुकाळात निरोगी स्त्रीला सक्तीच्या विश्रांतीची आवश्यकता नाही, असा निष्कर्ष काढला. ऋतुस्राव हा मुख्यतः पोषणाशी निगडित व्यापार आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. त्यांच्या या निबंधास हार्व्हर्डचेच बॉइल्स्टन पारितोषिक मिळाले, तरी सामान्य समजुतीवर त्याचा परिणाम फारसा झाला नाही. शक्तीचा साठा मर्यादित असतो, हे क्लार्क यांचे म्हणणे मुळात खोटे नव्हते; परंतु खर्च वाढल्यास जमाही वाढविता येते, म्हणजे मुलीला अधिक खावयास देता येते, हा साधा विचार त्यांच्या विवेचनात नव्हता. पुढील शंभर वर्षे तो इतरांनाही क्वचितच सुचला.

ऑलिंपिक सामन्यांत स्त्रिया १९०० पासून भाग घेऊ लागल्या, तरी मैदानी शर्यतींत त्यांना प्रवेश नव्हता. ॲलिस मिलिआ (१८८४–१९५७) या फ्रेंच कार्यकर्तीने १९२१ मध्ये स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय क्रीडासंघ स्थापिला आणि १९२२ मध्ये पॅरिस येथे स्त्रियांचे स्वतंत्र सामने भरविले. या दडपणामुळे १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी पाच मैदानी प्रकार प्रयोगादाखल ठेवण्यात आले. त्यांतील ८०० मी. धावण्याची शर्यत जर्मनीच्या लीना रात्के यांनी २ मिनिटे १६·८ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. जपानच्या हितोमी किनुए दुसऱ्या आल्या. अंतिम फेरीतील नऊही धावपटूंनी शर्यत पूर्ण केली होती. वृत्तपत्रांनी मात्र धावपटू वाटेतच कोसळल्याची व निम्म्याअधिक मुली शर्यत सोडून गेल्याची वर्णने छापली. शर्यत संपल्यावर धापा टाकीत गवतावर आडवे होणे पुरुषांच्या बाबतीत शौर्याचे लक्षण ठरे. स्त्रियांच्या बाबतीत ते अपात्रतेचा पुरावा ठरले. ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली आणि ती १९६० मध्ये रोम येथेच पुन्हा धावली गेली. स्त्रियांची १,५०० मी. शर्यत १९७२ मध्ये, मॅराथॉन १९८४ मध्ये आणि १०,००० मी. शर्यत १९८८ मध्ये समाविष्ट झाली.

या इतिहासाचा एक दूरगामी परिणाम असा झाला की, स्त्रियांच्या खेळाचे पुरस्कर्ते वैद्यकीय आक्षेपांकडे संशयाने पाहू लागले. खेळामुळे पाळीत बिघाड होतो, असे कोणी म्हटल्यास त्यात पुन्हा ८०० मीटरचाच वास येई. हा संशय अनाठायी नव्हता. पण त्यामुळे खरी तक्रारही दुर्लक्षिली गेली.

अस्थींचा ताणजन्य भंग : अतिवापरजन्य इजेचे शास्त्रीय ज्ञान सैन्यातून आले. प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहॉप्ट यांनी १८५५ मध्ये दीर्घ संचलनानंतर सैनिकांच्या पावलांना येणाऱ्या वेदनायुक्त सुजेचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर, १८९७ मध्ये, ही सूज म्हणजे प्रपदास्थींचा भंग असल्याचे श्टेशो यांनी दाखविले. पुढे अशा भंगास ‘संचलन-अस्थिभंग’ असे नाव रूढ झाले. खेळाडूंच्या नडगीत होणारे दुखणे हे पुष्कळदा अशाच सूक्ष्म भंगामुळे असते, असे एम. बी. डेव्हस यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले. अस्थी ही निर्जीव खांबासारखी नसते. तिच्यात झीज व पुनर्रचना अखंड चालू असते. ताण वाढला की प्रथम जुना भाग शोषला जातो व नंतर नवा भरला जातो. या दोन क्रियांच्या मधल्या काही आठवड्यांत अस्थी तात्पुरती दुबळी असते. त्याच काळात धावणे वाढत गेले किंवा नवी अस्थी घडविण्यास लागणारी सामग्री कमी पडली, तर सूक्ष्म भेगा भरून न येता एकत्र होतात आणि शेवटी अस्थिभंग होतो. सैनिकाच्या बाबतीत कारण बहुधा पहिले असे. मुलींच्या बाबतीत दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे, हे कळण्यास आणखी पाव शतक जावे लागले.

अनार्तवाचा प्रश्न : अमेरिकेत १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास बंदी करणारा कायदा झाला आणि शाळा-महाविद्यालयांतील खेळाडू मुलींची संख्या झपाट्याने वाढली. लांब पल्ल्याच्या धावपटू व बॅले नर्तकी यांच्यातील अनेकींची पाळी उशिरा येते किंवा आलेली बंद पडते, हे त्या दशकात ठळकपणे नजरेस आले. याचे पहिले व्यापक स्पष्टीकरण रोझ फ्रिश (१९१८–२०१५) यांनी १९७४ मध्ये मांडले. रजोदर्शनासाठी शरीरभाराच्या सुमारे १७ टक्के आणि नियमित पाळीसाठी सुमारे २२ टक्के मेद आवश्यक असतो, असे त्यांचे अनुमान होते. हे मत इतके सुटसुटीत होते की, ते प्रशिक्षकांनी ताबडतोब उचलले. त्याचा विपर्यासही झाला. पाळी बंद होणे म्हणजे अंगावरील मेद हवा तितका उतरल्याची खूण, अशी समजूत अनेक संघांत पसरली. मुलींनाही ही सोयीची गोष्ट वाटे. त्याच मेदप्रमाणाच्या दोन मुलींपैकी एकीची पाळी नियमित असते व दुसरीची नसते, हे मात्र या उपपत्तीने उलगडत नव्हते. दुखापतीमुळे नृत्य थांबलेल्या मुलींचे वजन विशेष न वाढताही त्यांची पाळी सुरू होते, असे मिशेल वॉरन यांनी १९८० मध्ये नोंदविले होते.

या समजुतीला निर्णायक धक्का १९८४ मध्ये बसला. बार्बरा ड्रिंकवॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी बंद असलेल्या १४ व नियमित असलेल्या १४ क्रीडापटूंच्या अस्थींची तुलना केली. कमरेच्या मणक्यांतील खनिज-घनता पहिल्या गटात दर चौ. सेंमी.स १·१२ ग्रॅ., तर दुसऱ्या गटात १·३० ग्रॅ. आढळली. हाताच्या अस्थींत असा फरक नव्हता. व्यायामाने अस्थी बळकट होते, हा सर्वमान्य सिद्धांत. येथे तर भरपूर व्यायाम करणाऱ्या तरुण स्त्रियांच्या मणक्यांत ऋतुनिवृत्तीनंतर आढळणाऱ्या अस्थिसुषिरतेसारखा ऱ्हास दिसत होता. वॉरन यांनी १९८६ मध्ये चार व्यावसायिक बॅले संस्थांतील ७५ नर्तकींची पाहणी केली, तेव्हा ६१ टक्के नर्तकींना अस्थिभंग होऊन गेल्याचे आढळले. त्यांतील बहुतेक भंग ताणजन्य होते. ज्यांचे रजोदर्शन लांबले होते, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. पाळी पुन्हा सुरू झालेल्या क्रीडापटूंच्या मणक्यांची घनता काही प्रमाणात वाढते, असे त्याच वर्षी ड्रिंकवॉटर यांनी दाखविले. तथापि ही भरपाई पूर्ण होत नाही, हे १९९७ पर्यंतच्या पाठपुराव्यात स्पष्ट झाले.

अमेरिकन क्रीडावैद्यक महाविद्यालय या संस्थेने १९९२ मध्ये वॉशिंग्टन येथे तज्ज्ञांची परिषद भरविली. आहारातील विकृती, अनार्तव व अस्थिसुषिरता या तिन्ही गोष्टी परस्परांशी निगडित असून त्यांना ‘स्त्री-क्रीडापटूंची त्रयी’ म्हणावे, असे तेथे ठरले. या संस्थेचे अधिकृत निवेदन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी, १९९४ मध्ये, अमेरिकेची आंतरराष्ट्रीय दर्जाची व्यायामपटू क्रिस्टी हेन्रिच क्षुधानाशाच्या विकाराने वयाच्या बाविसाव्या वर्षी मरण पावली आणि हा विषय वैद्यकीय नियतकालिकांबाहेर गेला.

लाउक्स यांचे प्रयोग : अनार्तवाचे कारण व्यायामाचा ताण, की अन्नाची तूट, हा प्रश्न तरीही शिल्लक होता. ओहायओ विद्यापीठातील शरीरक्रियावैज्ञानिक ॲन लाउक्स यांनी तो ज्या रीतीने सोडविला, ती क्रीडावैद्यकातील अत्यंत नेटकी कामगिरी होय. त्यांनी निरोगी, खेळाडू नसलेल्या तरुणींना ठरावीक व्यायाम करावयास लावला. मात्र काहींना व्यायामाचा खर्च भरून निघेल इतके अन्न दिले, काहींना दिले नाही. पोष ग्रंथीतून निघणाऱ्या पीतपिंडकारक हॉर्मोनाचे स्पंद रक्तात मोजण्यात आले, कारण अंडाशयाचे कार्य या स्पंदांच्या लयीवर अवलंबून असते. पुरेसे अन्न मिळालेल्या गटात कठोर व्यायामानेही लय विशेष बिघडली नाही. अन्न कमी पडलेल्या गटात ती बिघडली. याचा अर्थ, श्रम स्वतः दोषी नव्हते. तूट दोषी होती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने क्लार्क यांच्यापासून चालत आलेला आरोप निकालात निघाला, असे म्हणावयास हरकत नाही.

लाउक्स यांनी २००३ मध्ये या तुटीचे प्रमाणही सांगितले. आहारातील ऊर्जेतून व्यायामाचा खर्च वजा करून उरलेल्या राशीस मेदरहित शरीरभाराने भागले, म्हणजे ‘ऊर्जा-उपलब्धता’ मिळते. दररोज प्रतिकिलोग्रॅम सुमारे ४५ किकॅ. उपलब्धता ही समतोल स्थिती असून ती ३० च्या खाली गेल्यास केवळ पाच दिवसांत हॉर्मोन-स्पंदांची लय मंदावते, असे त्यांना आढळले. उदाहरणादाखल, ५० किग्रॅ. वजनाच्या व २० टक्के मेद असलेल्या मुलीचा मेदरहित भार ४० किग्रॅ. होतो. ती दिवसाला २,००० किकॅ. अन्न घेत असेल व सरावात ६०० किकॅ. खर्चीत असेल, तर तिची उपलब्धता ३५ येते. तिने वजन उतरविण्यासाठी रोजचे ३०० किकॅ. अन्न कमी केले, की ती २७·५ वर घसरते. ३०० किकॅ. म्हणजे दोन-तीन पोळ्यांचा प्रश्न आहे. समतोलासाठी या मुलीला २,४०० किकॅ. लागतात आणि सराव वाढल्यास त्याहून अधिक. केवळ भुकेवर विसंबून हा हिशेब जुळत नाही, कारण कठोर व्यायामानंतर भूक खर्चाच्या प्रमाणात वाढतेच, असे नाही. ३० हा आकडा सर्वांस सारखा लागू पडणारा उंबरठा नसून व्यक्तिपरत्वे फरक पडतो, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. रजोदर्शनापासून चौदाहून अधिक वर्षे झालेल्या स्त्रियांत हा बिघाड पाच दिवसांच्या तुटीने होत नाही, हे लाउक्स यांनी २००६ मध्ये दाखविले. किशोरवयीन मुलींना धोका अधिक का, याचे उत्तर त्यात मिळते.

तूट पडली की शरीर निकडीच्या कार्यांना अग्रक्रम देते आणि प्रजनन, वाढ व अस्थिरचना ही कार्ये मागे टाकते. स्त्रीमदजन हॉर्मोन घटल्याने अस्थींचे शोषण वाढते, तर अन्नाच्या तुटीमुळे अस्थींची निर्मितीच मंदावते. म्हणजे हानी दोन्ही बाजूंनी होते. त्रयीच्या २००७ च्या सुधारित निवेदनात आहार-विकृतीऐवजी ऊर्जा-उपलब्धतेस प्रथम स्थान देण्यात आले. हा बदल शाब्दिक नव्हता. जिला कोणताही मानसिक विकार नाही, केवळ डबा अपुरा आहे, अशी मुलगीही त्यामुळे व्याख्येत आली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ‘खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता’ ही अधिक व्यापक संज्ञा स्वीकारून तीत पुरुषांचाही समावेश केला. तीत २०१८ व २०२३ मध्ये सुधारणा झाल्या. अमेरिकन धावपटू मेरी केन यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये आपली कहाणी जाहीरपणे मांडली. वजन घटविण्याच्या आग्रहापायी तीन वर्षे पाळी बंद राहिली व पाच अस्थी भंगल्या, असे त्यांनी सांगितले. ड्रिंकवॉटर यांच्या संशोधनास तेव्हा पस्तीस वर्षे होऊन गेली होती.

वाढीचे वय व प्रतिबंध : प्रौढपणीच्या एकूण अस्थिखनिजांपैकी सुमारे एकचतुर्थांश भाग वाढीच्या ऐन भराच्या दोन वर्षांत साठविला जातो. मुलींत हा काळ साधारणतः बारा-तेराव्या वर्षाच्या आसपास येतो. नेमक्या त्याच वयात निवड, शिबिरे व स्पर्धा यांचा जोर असतो. लांबी झपाट्याने वाढत असताना अस्थींच्या टोकांजवळील कूर्चा दुबळ्या असतात. गुडघ्याखाली कंडरा जेथे नडगीस जोडलेली असते, तेथील विकार ऑस्गुड व श्लाटर यांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे वर्णिला. हातांवर भार घेणाऱ्या व्यायामपटू मुलींच्या मनगटातील कूर्चेस अशीच इजा होते.

अमेरिकन बालरोग अकादमीने २००७ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस संघटित सरावापासून सुटी व वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळापासून विश्रांती असावी. आठवड्याच्या सरावाचे तास मुलीच्या वयाच्या वर्षांपेक्षा अधिक नसावेत, असा एक व्यवहारोपयोगी संकेतही रूढ आहे. अंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा धावपटूंत लोकप्रिय असलेला नियम मात्र वाटतो तितका पक्का नाही. नेदर्लंड्समधील ख्रोनिंगन येथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नवख्या धावपटूंना या नियमाने विशेष लाभ झाला नाही. अंतर मोजले जाते, कारण ते मोजणे सोपे असते. झोप, जेवण व पाळी यांची नोंद ठेवणे अवघड, पण अधिक उपयुक्त. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही रजोदर्शन झाले नसेल किंवा सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नसेल, तर वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. नडगीवर बोटाने दाबता येईल इतक्या एकाच जागी दुखणे व ते विश्रांतीतही राहणे, हे भंगाचे लक्षण समजून धावणे थांबवावे. मांडीच्या हाडाच्या मानेतील भंग विशेष घातक असतो. पाळी आणण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या दिल्याने रक्तस्राव होतो, पण तो नैसर्गिक पाळीचा द्योतक नसतो. अस्थींची हानी तशीच चालू राहते आणि धोक्याची एकमेव दृश्य खूणही झाकली जाते. उपाय म्हणजे अन्न वाढविणे व काही काळ सराव घटविणे.

वयोमर्यादा वाढविणे हाही प्रतिबंधाचाच एक मार्ग होय. व्यायामविद्येच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी स्त्रियांचे किमान वय १९९७ पासून सोळा करण्यात आले. बर्फावरील कलात्मक स्केटिंगमध्ये ते टप्प्याटप्प्याने पंधरावरून सतरा करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला.

भारतातील स्थिती : मुंबईच्या मेरी डिसूझा व बंगालच्या नीलिमा घोष या १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकमध्ये मैदानी शर्यतींत धावणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया होत. पाश्चात्त्य ग्रंथांतील ऊर्जान्यूनतेचे चित्र मुख्यतः सडपातळपणाच्या हव्यासाशी जोडलेले आहे. आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू करणे दिशाभूल करणारे ठरेल. येथील तूट बहुतांशी नकळत घडते. पहाटे चहावर मैदान गाठणारी मुलगी तेथून थेट शाळेत जाते व दुपारी डबा उघडते. संध्याकाळचा सराव आटोपून घरी आल्यावर सर्वांचे जेवण झाल्यानंतर उरलेले खाते. आठवड्याच्या उपवासाच्या दिवशीही सराव चुकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९·१ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. खेळाडू मुली याच लोकसंख्येतून येतात. सरावाच्या आधी केळे किंवा भिजविलेले शेंगदाणे व गूळ, सराव संपताच दूध, अंडी वा उसळ-भाकरी अशा साध्या योजनेने तुटीचा मोठा भाग भरून निघतो; त्यासाठी परदेशी चूर्णांची गरज नसते. वजनगटांच्या खेळांतील प्रश्न वेगळा व अधिक बिकट आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट यांना ५० किग्रॅ. गटाच्या अंतिम कुस्तीपूर्वी १०० ग्रॅ. अधिक वजनामुळे अपात्र ठरविण्यात आले, तेव्हा उपाशी राहून व पाणी तोडून वजन उतरविण्याची प्रथा देशभर सर्वांना कळली. प्रौढ मल्लांचे हे तंत्र गावोगावच्या तालमींतील चौदा-पंधरा वर्षांच्या मुली पाहून उचलतात, ही बाब त्या वेळच्या चर्चेत मागे पडली.

१९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ४०० मी. अडथळ्यांची शर्यत प्रथमच ठेवण्यात आली होती. ती मोरोक्कोच्या नवाल अल् मुतवक्किल यांनी जिंकली. वीस वर्षांच्या पी. टी. उषा ५५·४२ सेकंदांत चौथ्या आल्या. कांस्यपदक मिळविणाऱ्या रूमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारू यांची वेळ ५५·४१ सेकंद होती. क्रीडाग्रामातील अन्न न मानवल्याने आपण तांदळाची पेज व लोणचे यांवर राहिलो आणि शेवटच्या पस्तीस मीटरांत शक्ती टिकली नाही, असे उषा यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. ड्रिंकवॉटर यांचा निबंध प्रसिद्ध झाला, ते वर्षही हेच होते.